ॲक्सेस: टूलबारवरच्या बटणातून आपला स्वतःचा कोड कसा चालवायचा? (आडतीच्या पट्टीसाठी)

मोंढा_परभणी, रात्री १०:५०

राम राम मंडळी. मी परभणीला मोंढ्यात एका आडतीवर हिशोबाला आहे. आमच्याकडं मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसमधे फाईल केलेली आहे, शेतकऱ्याचं नाव गाव, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं त्यात भरायचं अन् शेवटी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाचा कागद, छापून द्यायची. आता सोयाबीन सुरू झालंय, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत सकाळी आठला बसलं की रात्रीचे दहा वाजतात. वजनाच्या फॉर्मवर पट्टी छापायचं बटण आहे पण उचलीचा फॉर्म वेगळा, खरेदीदाराचा वेगळा, असे ५ फॉर्म आहेत अन् बाकी चारमधून पट्टी काढायची म्हणजे रिपोर्टची यादी उघडा, डबल क्लिक करा, तो पावती नंबर विचारतो तो टाका, मग प्रिंट, मग बंद. पुढं माणूस उभा असतो, ट्रॅक्टर बाहेर चालू, त्याला गावाकडं ३० किलोमीटर जायचं असतं.

मी व्हीबीएमधे, म्हणजे ॲक्सेसच्या कोडाच्या भाषेत, एक सब (छोटा प्रोग्राम) लिहिलाय, तो पट्टी सरळ छापतो, एडिटरमधे एफ-५ दाबलं की व्यवस्थित चालतो. आता मला तो वरती सेव्ह अन् अन्डूची बटणं असतात ना, त्या बारीक टूलबारवर जोडायचाय म्हणजे कोणताबी फॉर्म उघडा असू द्या, बटण तिथंच दिसंल. ऑप्शन्समधे क्विक ॲक्सेस टूलबार उघडला, तिथं मॅक्रोजची यादी आहे पण ती रिकामीच दिसायलीय. माझा सब त्यात येतच नाही. दोन दिवस झाले शोधायलो, कुणी केलंय का हे?

बालाघाट, रात्री ११:०५

बाकीच्या चार फॉर्मवरबी बटण टाका की ओ. विझार्ड आपोआप करून देतंय.

मोंढा_परभणी, रात्री ११:१२

दादा तेच करणार होतो, पण मागच्या वर्षी पट्टीचा रिपोर्ट बदलला तवा एका बटणात बदल करायला गेलो अन् तीन तास गेले. पाच ठिकाणी तेच तेच नको वाटायलंय. कोड एका जागी पाहिजे.

मांजराकाठ, सकाळी ७:३०

बरोबर विचार करायलात, कोड एका जागीच पाहिजे. मी लातूरला एका दाल मिलच्या ऑफिसात हेच केलंय, सांगतो. मोबाईलवरून लिहायलोय, इंग्रजी नावं उच्चाराप्रमाणं वाचून घ्या.

पहिली गोष्ट, ॲक्सेसमधे "मॅक्रो" म्हणजे तुमचा व्हीबीएचा कोड नाही. एक्सेलमधे आपण सबलाच मॅक्रो म्हणतो म्हणून इथं सगळ्यांचाच घोळ होतो. ॲक्सेसमधे मॅक्रो ही वेगळी वस्तू आहे, टेबल, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट तसंच मॅक्रो, अन् टूलबारच्या यादीत फक्त त्याच दिसतात. तुमच्या फाईलीत तसला एकबी मॅक्रो नाही म्हणून यादी रिकामी आहे.

तर क्रिएट टॅबमधून नवा मॅक्रो उघडा, त्यात रनकोड नावाची ॲक्शन निवडा. ती फंक्शनचं नाव मागते. इथं दुसरा खड्डा आहे, रनकोड फक्त फंक्शन चालवतं, सब चालवत नाही. काही अवघड नाही, तुमच्या कोडात सब हा शब्द पुसून फंक्शन लिहा, खालचं एंड सब एडिटर स्वतःच बदलून घेतो. फंक्शन काही उत्तर परत देत नसलं तरी चालतं. पण ते पब्लिक असलं पाहिजे अन् साध्या मॉड्यूलमधे (कोड ठेवायच्या पानात) असलं पाहिजे, फॉर्मच्या मागच्या मॉड्यूलमधे असलं तर सापडत नाही. नाव टाकताना पुढं उघडा अन् बंद कंस लावा, आधी बरोबरचं चिन्ह लावू नका. मॅक्रो "पट्टी छापा" अशा नावानं सेव्ह करा, मग टूलबारच्या यादीत तो दिसंल.

जोडताना उजवीकडं वरती एक खाली उघडणारी यादी असते, "सगळ्या डॉक्युमेंटसाठी" की "या डेटाबेससाठी". या डेटाबेससाठी निवडा, नाहीतर तुम्ही दुसरी फाईल उघडली की बटण तिथंबी दिसंल अन् दाबलं की एरर देईल. मॉडिफायमधे जाऊन चित्रबी बदलता येतं, प्रिंटरचं घ्या.

मोंढा_परभणी, दुपारी २:१५

मांजराकाठ भाऊ, यादीत आलं, बटणबी आलं. पण दाबलं की म्हणतंय तुम्ही दिलेल्या फंक्शनचं नाव ॲक्सेसला सापडत नाही. नाव चार वेळा तपासलं, स्पेलिंग तेच आहे, पब्लिकबी आहे, साध्या मॉड्यूलमधेच आहे.

मांजराकाठ, दुपारी २:४०

मॉड्यूलचं नाव काय ठेवलंय?

मोंढा_परभणी, दुपारी २:४४

पट्टीछापा. अन् फंक्शनबी पट्टीछापा.

मांजराकाठ, दुपारी २:४६

तेच आहे. मॉड्यूलचं अन् फंक्शनचं नाव एकच असलं की ॲक्सेस फंक्शनाऐवजी मॉड्यूलच धरतं. मॉड्यूलचं नाव बदला, पुढं मॉड असं काहीतरी लावा.

मोंढा_परभणी, दुपारी ३:०२

चाललं!! एका झटक्यात. लई उपकार झाले भाऊ.

पावती नंबर आता विचारायचीबी गरज नाही, कोडात स्क्रीन डॉट ॲक्टिव्हफॉर्म वापरलंय, जो फॉर्म समोर आहे त्याच्यातला पावती नंबरचा खाना वाचतो. पाचही फॉर्ममधे त्या खान्याचं नाव सारखं करून घेतलं. अजून एक सापडलं, आल्ट दाबून धरलं की वरच्या बटणांवर आकडे उमटतात, माझ्या बटणावर ४ आलाय, म्हणजे आल्ट अन् ४ दाबलं की पट्टी. माउसला हात लावायचं कामच नाही.

जुना_कारकून_नांदेड, संध्याकाळी ६:२०

छान झालं. दोन हजार तीनच्या ॲक्सेसमधे टूलबारच्या बटणाला सरळ ऑन ॲक्शन म्हणून खाना होता, त्यात बरोबर चिन्ह अन् फंक्शनचं नाव लिहिलं की झालं. २००७ ला रिबन, म्हणजे वरचा बटणांचा पट्टा, आली अन् ते जुने टूलबार ॲड-इन्सच्या टॅबमधे जाऊन बसले. तुमच्या कोडात एक गोष्ट बघून घ्या, एकही फॉर्म उघडा नसताना बटण दाबलं तर २४७५ नंबरची एरर येईल. ती पकडून "आधी फॉर्म उघडा" असा निरोप द्या, नाहीतर समोरचा माणूस घाबरतो.

मोंढा_परभणी, ११ दिवसांनी, रात्री ११:४०

मंडळी, परत आलोय, अन् आज मन लई खट्टू आहे.

दुपारी एक बाबा आले होते, सत्तरीचे असतील, मुलगा ट्रॅक्टरवर. १८ कट्टे सोयाबीन. मी वजन टाकताना १० क्विंटल २६ किलो टाकलं, पावतीवर ६२ होते. मालक शेजारीच उभे होते, त्यांनी लगेच धरलं, म्हणाले ६२ कर. मी २६ पुसून ६२ केलं, समोर स्क्रीनवर १०.६२ दिसायलंय, मालकांनी बघितलं, मी बघितलं, अन् आल्ट ४ दाबलं. पट्टी निघाली, पैसे मोजून दिले. बाबा बाहेर पायरीवर बसले, काट्याची चिठ्ठी एका हातात अन् पट्टी एका हातात धरून बोटावर मोजत बसले. दहा मिनिटांनी आत आले अन् एवढंच म्हणाले, "बापू, ह्ये दोन कागद जुळंना गेलेत."

पट्टीवर १०.२६ होतं. ३६ किलो कमी. ४३०० च्या भावानं १५४८ रुपये. फाईल उघडून बघितली तर टेबलमधे १०.६२ आहे, बरोबर आहे! स्क्रीनवर बरोबर, टेबलमधे बरोबर, कागदावर चूक. पैसे तिथल्या तिथं दिले, माफी मागितली, पण बाबा आकडे जुळवत बसले म्हणून कळलं, नाहीतर? हे कसं झालं ते मला समजलंच पाहिजे, तोवर मी ते बटण काढून टाकलंय.

जुना_कारकून_नांदेड, रात्री ११:५८

बटण काढलं हे चांगलं केलं. दोन प्रश्न. वजनाच्या ओळी सबफॉर्ममधे, म्हणजे फॉर्मच्या आतल्या छोट्या फॉर्ममधे, आहेत का? अन् तुमचं पहिलं बटण, जे आधीपासून होतं, ते मेन फॉर्मवर होतं का?

मोंढा_परभणी, रात्री १२:०३

हो काका, दोन्ही हो. एका शेतकऱ्याचे दोन तीन प्रकारचे माल असतात म्हणून वजनाच्या ओळी सबफॉर्ममधे.

जुना_कारकून_नांदेड, सकाळी ६:४५

मग नीट ऐका, हे मी शांतपणे लिहितो कारण हे ज्याला एकदा समजलं त्याच्याकडून पुन्हा होत नाही.

फॉर्ममधे आपण जे टाइप करतो ते लगेच टेबलमधे जात नाही. ओळीच्या डाव्या कडेला बारकी पेन्सिल दिसते बघा, ती पेन्सिल आहे तोवर बदल फक्त स्क्रीनवर आहे. ओळ सोडली की पेन्सिल जाते अन् बदल टेबलमधे उतरतो. अन् रिपोर्ट स्क्रीन वाचत नाही, रिपोर्ट टेबल वाचतो.

आता तुमचं जुनं बटण मेन फॉर्मवर होतं. सबफॉर्ममधल्या वजनावर कर्सर असताना तुम्ही ते बटण दाबलं की कर्सर सबफॉर्ममधून बाहेर पडला, अन् सबफॉर्ममधून बाहेर पडताना ॲक्सेस ती ओळ आपोआप सेव्ह करतं. म्हणजे ते बटण नकळत दोन कामं करत होतं, आधी सेव्ह, मग छपाई. तुम्हाला पहिलं काम कधी दिसलंच नाही.

टूलबारवरचं बटण फॉर्मचा भागच नाही. ते दाबलं तरी कर्सर जागचा हलत नाही, वजनाच्या खान्यातच राहतो. कुणी बाहेर पडलं नाही म्हणून सेव्ह झालं नाही, पेन्सिल तशीच, टेबलमधे जुने २६, अन् पट्टी त्यावरून निघाली. नंतर तुम्ही पुढच्या शेतकऱ्याची नोंद घेतली तेव्हा ६२ टेबलमधे उतरले, म्हणून तपासताना तुम्हाला सगळं बरोबर दिसलं.

उपाय एका ओळीचा आहे. रिपोर्ट उघडायच्या आधी डू-सीएमडी डॉट रन-कमांड, पुढं एसी-सीएमडी-सेव्ह-रेकॉर्ड.

मांजराकाठ, सकाळी ७:५०

काका, चूक माझीबी आहे, मी बटण जोडायचं सगळं सांगितलं अन् हे सांगितलं नाही. आमच्याकडं सबफॉर्म नाही, अन् ऑपरेटर ओळ भरून एंटर मारून पुढच्या ओळीवर जातो, म्हणून आम्हाला हे कधी दिसलंच नाही.

एक विचारतो, ॲक्टिव्हफॉर्मची डर्टी प्रॉपर्टी (सेव्ह न झालेला बदल आहे का ते सांगणारी) फॉल्स केली तर चालंल ना? मी सगळीकडं तेच वापरतो.

जुना_कारकून_नांदेड, सकाळी ८:१०

यांच्या फाईलीत नाही चालणार, अन् नेमका धोका तिथंच आहे. कर्सर सबफॉर्ममधे असला तरी ॲक्टिव्हफॉर्म तुम्हाला मेन फॉर्मच देतं. तुम्ही मेन फॉर्मची डर्टी फॉल्स कराल, तो तर आधीच सेव्ह झालेला आहे, अन् सबफॉर्मची पेन्सिल तशीच राहील. एररसुद्धा येणार नाही. सेव्ह-रेकॉर्डची कमांड मात्र जिथं कर्सर आहे ती ओळ सेव्ह करते.

अन् सेव्ह करताना काही अडलं, समजा भाव भरायचा राहिला अन् तो खाना भरलाच पाहिजे असा आहे, तर तिथं एरर येईल. त्या वेळी छपाईकडं जायचंच नाही, फंक्शनमधून बाहेर पडायचं. ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट, म्हणजे एरर आली तरी पुढं चल, असं लिहून पुढं गेलात तर पुन्हा जुनीच पट्टी निघेल. पैशाच्या कागदाच्या कोडात ती ओळ ठेवूच नका, मी हे पोटतिडकीनं सांगतो.

उदगीरची_लेक, सकाळी १०:३०

हा धागा वाचून मी आधी आमची फाईल तपासली. आमच्या बचत गटाचं दूध संकलन आहे, आम्ही लिब्रेऑफिस बेस वापरतो कारण ते फुकट आहे. तिथंबी हेच आहे!

बेसमधे टूल्स, कस्टमाइझ, टूलबार्स असं जाऊन मॅक्रो सरळ जोडता येतो, मधे दुसरी वस्तू करावी लागत नाही, बेसिकमधला साधा सब चालतो. पण मी फॉर्मवरच्या बटणाचा सब तसाच उचलून टूलबारला जोडला तवा चाललाच नाही, कारण फॉर्मवरचं बटण सबला इव्हेंट देतं अन् मी त्या इव्हेंटवरूनच फॉर्म शोधत होते. टूलबारवरून तो इव्हेंट येत नाही. मग धिस-कंपोनंट (उघडी असलेली फाईल) वरून ड्रॉ-पेज, फॉर्म्स अशा वाटेनं फॉर्म पकडावा लागला.

अन् सेव्हचं म्हणाल तर तिथं दोन पायऱ्या आहेत. ज्या खान्यात कर्सर आहे त्याला आधी कमिट म्हणायचं, मग फॉर्मला अपडेट-रो, नवीन ओळ असंल तर इन्सर्ट-रो. मी नुसतं अपडेट-रो लिहिलं होतं. सकाळी मुद्दाम फॅट ३.५ चं ४.१ केलं अन् खाना न सोडता बटण दाबलं, चिठ्ठीवर ३.५ आलं. दुधाचा भाव फॅटवर ठरतोय, बायका आमच्यावर विश्वास ठेवून चिठ्ठी न वाचता घडी घालून कमरेला खोचतात. आजच दुरुस्त केलं. काका तुमचे मनापासून आभार.

बालाघाट, सकाळी ११:००

मोंढा भाऊ, मागच्या ११ दिवसांतल्या बाकी पट्ट्यांचं काय? त्याच बटणानं निघाल्यात ना त्याबी.

मोंढा_परभणी, दुपारी १२:२०

दादा, रात्रभर तेच डोक्यात आहे. आमच्याकडं प्रत्येक पट्टीची एक प्रत फाईलला लावलेली असते. आज काम संपलं की एकेक कागद टेबलशी जुळवायला बसणार आहे, मालकांना सकाळीच सांगितलं, ते बसतो म्हणाले माझ्याबरोबर.

सेव्ह-रेकॉर्डची ओळ टाकली अन् बटण परत जोडलं. तपासायला मुद्दाम वजन बदललं, पेन्सिल दिसायलीय तवाच आल्ट ४ दाबलं, पेन्सिल गेली अन् पट्टीवर नवीन वजन आलं. भाव रिकामा ठेवूनबी बघितलं, छापलं नाही, थांबलं.

आता एकच अडचण. थांबल्यावर मी मेसेज मराठीत द्यायला गेलो, "भाव भरा, मग पट्टी छापा", तर व्हीबीएच्या एडिटरमधे नुसती प्रश्नचिन्हं उमटायलीत. फॉर्मवर मराठी चांगलं चालतं. फॉन्ट बदलला, कंट्रोल पॅनलमधे नॉन-युनिकोडची भाषा मराठी करून बघितली, काहीच फरक नाही. इथं माझ्याऐवजी मालकांचा पुतण्या बसतो कधी कधी, त्याला इंग्रजी मेसेज कळत नाहीत.

मांजराकाठ, दुपारी १:०५

तो एडिटर युनिकोडचा नाही, त्याला देवनागरी कळतच नाही. नॉन-युनिकोडची भाषा बदलून चिनी, रशियन वगैरेंचं काम होतं कारण त्यांच्यासाठी विंडोजमधे जुनी कोड पेजं, म्हणजे अक्षरांचे तक्ते, आहेत, हिंदी मराठीसाठी तसलं कोड पेजच नाही. अन् मेसेजबॉक्सबी प्रश्नचिन्हंच दाखवतो.

यावर मी असं केलंय. संदेश नावाचं बारकं टेबल केलं, एका खान्यात नंबर, दुसऱ्यात मराठी मजकूर. टेबलमधे मराठी नीट राहतं. एक छोटा फॉर्म केला, त्यावर एक मोठा टेक्स्टबॉक्स अन् खाली "बरं" लिहिलेलं बटण. कोड डी-लुकअपनं मजकूर उचलतो अन् त्या टेक्स्टबॉक्समधे टाकतो. कोडात मराठीचं एक अक्षरबी लागत नाही. मजकूर बदलायचा असला तर टेबलमधे बदला, कोडाला हात लावायचं काम नाही.

जुना_कारकून_नांदेड, दुपारी ३:३०

अन् दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाईल नेणार असाल तर आत्ताच सांगतो. ती पेटी, म्हणजे फोल्डर, ट्रस्ट सेंटरमधे विश्वासातल्या जागांत टाकून घ्या, नाहीतर बटण दिसंल पण दाबल्यावर कोड चालणार नाही. फाईल व्हॉट्सॲपवरून किंवा मेलवरून आली असंल तर तिच्यावर इंटरनेटवरून आल्याची खूण असते, २०२२ पासून अशा फाईलीतले मॅक्रो आपोआप अडवले जातात. फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकला टिक. पण फाईल आपलीच आहे याची खात्री असंल तरच.

पुढं बटणं वाढली, म्हणजे पट्टी, उचल, दिवसाचा गोषवारा, तर रिबनवर स्वतःचा टॅब करता येतो. यूसिसरिबन्स नावाचं टेबल करायचं, त्यात रिबनचं नाव अन् एक्सएमएल. तिथं लेबल देवनागरीत लिहिता येतं, अन् ऑन ॲक्शनमधे जुन्यासारखंच बरोबर चिन्ह लावून फंक्शनचं नाव. फाईल बंद करून उघडा, करंट डेटाबेसच्या ऑप्शनमधे रिबनचं नाव निवडा, परत बंद करून उघडा. सीझन संपल्यावर करा, आत्ता नको.

मोंढा_परभणी, दुसऱ्या दिवशी, रात्री १:१५

आत्ता घरी आलो. ११ दिवसांच्या सगळ्या पट्ट्या जुळवल्या. मालक वाचत होते, मी स्क्रीनवर बघत होतो. अजून दोन निघाल्या. एक मानवतकडची, १४ किलो कमी. दुसरी पाथरीची, तिथं उलटं होतं, ९ किलो जास्त छापले गेले होते.

मानवतच्या माणसाला रात्रीच फोन लावला, उचलला नाही, सकाळी परत लावतो, पैसे वेगळे काढून पाकिटावर नाव लिहून ठेवलेत. पाथरीच्या ९ किलोचं मालक म्हणाले राहू दे, आपली चूक त्याच्याकडं मागायची नाही.

पट्टीच्या खाली आता एक ओळ वाढवलीय, छापल्याची तारीख अन् वेळ, त्याच्या शेजारी काट्याच्या चिठ्ठीचा नंबर अन् त्यावरचं वजन. दोन्ही वजनं एकाखाली एक, मोठ्या अक्षरात. अन् ती जुळली नाहीत तर फंक्शन छापतच नाही, संदेश टेबलमधला नंबर ३ दाखवतं: "काटा आणि पट्टी जुळत नाही, आधी वजन बघा."